पुलाजवळ तापणारी गाडी

राज्य पीक सुधार मंडळाच्या हिंगोली कार्यालयात नवा साहेब आला की सगळे कर्मचारी एका माणसाच्या तोंडाकडे बघायचे, आणि तो माणूस साहेब नसायचा. तो असायचा किशनराव, कार्यालयाच्या गाडीचा ड्रायव्हर. साहेबांचा पहिला दौरा आटोपून किशनराव परत आले की शिपाई गुलाबसिंग त्यांच्या हातात चहा द्यायचा आणि विचारायचा, "उतरले का?" किशनराव आधी चहा फुंकायचे, एक घोट घ्यायचे, मिशी पुसायचे. मंत्रालयातल्या सचिवानं घेतला नसता एवढा वेळ घ्यायचे. मग म्हणायचे, "उतरले." तेवढं ऐकलं की कार्यालयाचा जीव भांड्यात पडायचा आणि जो तो आपापल्या टेबलाला लागायचा.

ही परीक्षा होती, आणि ती किशनरावांनी स्वतः काढलेली होती. औंढ्याच्या पुढे, जवळा बाजारच्या अलीकडे नाल्यावर एक छोटा पूल आहे. पुलाला लागून उकंडरावांचं शेत. नव्या साहेबाला पहिल्यांदा दौऱ्यावर नेताना या पुलाजवळ गाडी हमखास तापायची. किशनराव बॉनेट उघडायचे, कॅन घेऊन उकंडरावांच्या विहिरीवर जायचे आणि तिथून तिरप्या नजरेनं बघत राहायचे. साहेब गाडीतच बसून राहिला तर नापास. उतरून बाभळीच्या सावलीला उभा राहिला तर काठावर पास. बांध ओलांडून शेतात शिरला, वाकला, पान उलटून पाहिलं, उकंडरावांशी चार शब्द बोलला, तर पहिला वर्ग. गाडीला काही झालेलं नसायचं, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्यांदा मात्र ती खरंच तापली होती. साल चौऱ्याण्णव. किशनराव सत्तावीस वर्षांचे, नोकरीला लागून तीन महिने झालेले. मूळचे हट्टा गावचे. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले आणि स्वतःच्या नावावर वीतभर जमीन न होता गेले. पोरानं ट्रकवर क्लीनर म्हणून राहून स्टिअरिंग शिकून घेतलं आणि मंडळाची जीप मिळवली. चिखलात पाय घालायची वेळ आता आपल्यावर येणार नाही, याचा त्यांना फार आनंद होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री. तर त्या दिवशी जीप तापली आणि उकंडराव धावत आले. "साहेब, कापसावर अळी पडून राहिली, जरा बघता का?" साहेबांनी पेपरातून मान वर काढली नाही. पुढची दोन वर्षं तो साहेब कोणाच्याच कामाला आला नाही. किशनरावांनी ते बराबर ध्यानात ठेवलं आणि दुसरा साहेब आला तेव्हा गाडी मुद्दाम तापवली.

तो दुसरा साहेब, भीमराज नावाचा, उतरला. तिसराही उतरला. मग जो येईल तो उतरतच गेला, ओळीनं नऊ जण. त्यात एक साहेब तर पूल यायच्या आधीच विचारत होते, "किशनराव, गाडी अजून तापली नाही का?" किती काळजी गाडीची, असं किशनरावांना वाटलं. नऊच्या नऊ पास म्हणजे हिंगोलीचं नशीब थोर आहे, असं ते पद्माबाईंना अधूनमधून सांगायचे. पद्माबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "व्हय, आन् तुमी त्या नशिबाचे मास्तर."

सुखाचा संसार होता. मुलगी ऐश्वर्या नांदेडला नर्स झाली. हिंगोलीत दोन खोल्यांचं घर झालं. एकतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. आता सप्टेंबरच्या तीस तारखेला किशनराव निवृत्त होणार होते आणि त्याबद्दल त्यांची कसलीच तक्रार नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी नेमणुकांचं पत्र आलं नसतं, तर ते असेच आनंदात घरी गेले असते. पत्रात वरपासून खालपर्यंत नवी माणसं होती. पुण्याला मंडळाच्या व्यवस्थापकीय संचालक म्हणून संध्या मॅडम, ज्या पूर्वी हिंगोलीला होत्या आणि ज्यांना किशनरावांनी पहिला वर्ग दिलेला होता. त्या खुर्चीवर आपला विद्यार्थी बसल्यासारखं वाटून किशनरावांनी कार्यालयात पेढे वाटले. पण हिंगोलीलाही नव्या जिल्हा व्यवस्थापक येणार होत्या, प्रतिक्षा मॅडम, आणि इथंच घोडं अडलं. कारण जुनी गाडी मागच्या वर्षी भंगारात निघाली होती. नवी गाडी तापायचं नावच घेत नव्हती. वर समोर हा एवढा पडदा, त्यावर सगळे आकडे, मागच्या सीटवरूनही दिसतील असे.

"आता परीक्षा घ्यावी कशी?" रात्रीच्या जेवणात त्यांनी पद्माबाईंना विचारलं.

"चाकातली हवा सोडा."

"नव्या गाडीची? लोक हसतील."

"मग तुमचं पोट दुखू द्या."

"न्हाई," किशनराव गंभीर होऊन म्हणाले. "गाडीचं खोटं चालतं. माणसाचं खोटं न्हाई चालत."

पद्माबाईंना हसू आवरेना. पण किशनरावांनी अर्धी भाकर तशीच ठेवली. आपण गेल्यावर साहेबलोकांना कोणी तपासणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. निदान ही शेवटची पारख आपल्या हातून व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. तेही जमेना म्हणजे काय!

दौऱ्याचा दिवस उजाडला. प्रतिक्षा मॅडम गाडीत बसल्या त्या फोन कानाला लावूनच. औंढा आलं, औंढा गेलं, फोन सुरूच. किशनरावांच्या मनातल्या मनात मार्क कापणं चालू होतं. दोन्ही बाजूला सोयाबीन शेंगांनी लदलं होतं, हळद कमरेला लागली होती, आणि मॅडम कसलं तरी विवरणपत्र कोणाला तरी समजावून सांगत होत्या.

पूल दिसला. किशनरावांनी पडद्याकडे पाहिलं. गाडी थंडगार. त्यांनी वेग कमी केला, तोंड उघडलं, आणि त्यातून शब्दच फुटेना. इतकी वर्षं सफाईनं बोललेलं खोटं नेमकं आज ओठावर अडलं. पूल आला आणि मागं गेला. विहिरीवर उभे असलेले उकंडराव हात वर करून बघतच राहिले. संपलं, किशनरावांना वाटलं. शेवटचा पेपर तपासायचा राहूनच गेला. त्यांचे डोळे भरून आले आणि समोरचा रस्ता अंधुक झाला.

"किशनराव, थांबा." मॅडमनी फोन बंद केला होता. "पूल मागं राहिला ना?"

"काही पडलं का, मॅडम?"

"गाडीत पाणी टाकायचं राहिलं."

किशनरावांनी गाडी बाजूला घेतली. आरशातून मॅडम हसताना दिसत होत्या.

"कोणी सांगितलं तुमाला?"

"संध्या मॅडमनी. पुण्याला नेमणुकीचं पत्र घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दोन तास बैठक घेतली आणि शेवटी म्हणाल्या, पुलाजवळ ड्रायव्हर गाडी थांबवेल, तेव्हा उतरा. त्यांना त्यांच्या आधीच्या साहेबांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. अगदी पहिल्यांदा ओळखलं ते भीमराज साहेबांनी. तुम्ही पाणी ओतलं ते सगळं बाहेर सांडलं, कारण आतलं आधीच काठोकाठ होतं म्हणे."

म्हणजे पेपर फुटला होता! एक-दोन वर्षं नाही, जवळजवळ तीस वर्षं. नऊ जणांतला एक भीमराज साहेब स्वतःच्या अकलेनं उतरला, बाकीचे आठ सांगून सवरून. आणि आपण चहा फुंकून निकाल देत बसलो. किशनरावांना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

"मग तर सगळंच वाया गेलं की, मॅडम," ते कसेबसे बोलले. "समद्यायनं कॉपी केली."

"पहिल्यांदा केली," मॅडम म्हणाल्या. "पण गाडी तुम्ही एकेका साहेबासाठी कितीदा तापवायचात?"

"एकदाच."

"मग पुढच्या वेळी ते कशाला उतरायचे?"

किशनरावांना संध्या मॅडम आठवल्या. दर बुधवारी कुठंतरी गाडी थांबवायला लावायच्या, बांधावर बसून बायांसोबत ओला हरभरा खायच्या आणि साडीला चिखल लावून गाडीत परत यायच्या. त्या चिखलापायी सीट पुसता पुसता किशनरावांनी स्वतः किती कुरकुर केली होती! आणखी एक साहेब होते, ते तर बूट हातात घेऊन चिखलातून यायचे. या सगळ्यांच्या वेळी गाडी कोणी तापवलेली नव्हती. मनावरचं ओझं एकदम हलकं झालं. त्यांनी गाडी मागं घेतली आणि पुलाजवळ आणून उभी केली.

मॅडम उतरल्या, बांध ओलांडून सरळ शेतात शिरल्या. किशनराव सवयीनं डिकीकडे वळले. पण कॅन नव्हता आणि विहिरीवर जायचं कारणही नव्हतं. ते गाडीच्या दाराला हात लावून तसेच उभे राहिले.

"काहून थांबला, किशनराव?" उकंडराव सोयाबीनमधून ओरडले. "एकतीस वर्षं माझ्या विहिरीचं पाणी नेलं. शेतात पाय तं कधी ठेवला न्हाई!"

खरंच होतं ते. दहा साहेबांना त्यांनी या बांधावर आणलं होतं, प्रत्येकाचे मार्क मोजले होते, आणि स्वतः मात्र पांढऱ्या पँटीला जपत कडेनं आले, कडेनं गेले. हट्ट्याचं ते दुसऱ्याचं शेत, त्यात वाकलेले वडील, पुन्हा चिखलात पाय घालणार नाही ही तेव्हा खाल्लेली शपथ, सगळं एका क्षणात आठवलं. आता मात्र त्या शपथेची गरज उरली नव्हती. किशनरावांनी चपला काढून गाडीशेजारी ठेवल्या, पँट दुमडली आणि बांध ओलांडला. माती मऊ आणि गार होती. उकंडरावांनी एक शेंग तोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली. आत तीन दाणे होते, टच्च भरलेले.

"तुमच्या बापाच्या हातची पेरणी पाहिली हाय मी हट्ट्याला," उकंडराव म्हणाले. "सरळ रेघ. तसं पेरणारं माणूस पुन्हा न्हाई पाहिलं."

हे किशनरावांना कोणीच कधी सांगितलं नव्हतं. ते ओळीनं शेताच्या टोकापर्यंत चालत गेले, दुमडलेली पँट सुटली तरी थांबले नाहीत. मॅडमनी घाई केली नाही.

संध्याकाळी गाडी कार्यालयात आली तेव्हा गुलाबसिंग चहा घेऊन पायऱ्यांवरच उभा होता. मागं सगळं कार्यालय. किशनरावांच्या पांढऱ्या पँटीला गुडघ्यापर्यंत काळी माती लागली होती, आणि तिच्याकडे बघत गुलाबसिंगनं विचारलं, "उतरल्या का?"

किशनरावांनी चहा फुंकला नाही. तसाच गरम एक घोट घेतला.

"मॅडम उतरल्या," ते म्हणाले, "आन् आज मीबी उतरलो."