कॉफी विकायला नकार

कुंभकोणमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकानदार कॉफीची पूड दळून विकत. गिऱ्हाइकांशी तमिळ बोलत. माझ्याशी मात्र आमची तंजावरी मराठी, तीही आवाज उतरवून, जणू घरातलं भांडण चाललंय. दळणयंत्र कधी थांबवत नसत. आपणच ओरडायचं.

नव्वदच्या दशकात, धाकटीच्या वेळच्या बाळंतपणानंतर, माझं रक्त फार उतरलं होतं. लोहाच्या गोळ्या घेऊनही चढेना. एकदा त्यांनी विचारलं, "गोळी कशासंगट घेतां, अक्का?"

"कॉफीसंगट. आणखी कशासंगट?"

त्यांनी चक्क यंत्र बंद केलं. त्यांची मुलगी कॉलेजात जीवरसायन शिकत होती. "ती सांगती, आतड्याच्या पेशीला पडदा असतो. त्या पडद्यांत एक प्रथिन असतं, तें लोहाला वळखून आंत घेतं. कॉफीनं लोहाला आधीच धरलं, तर प्रथिन काय करील? गोळी नुसत्या पाण्यासंगट घ्या."

आणि बांधलेली पुडी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. महिनाभर मला कॉफी दिली नाही.

रक्त चढलं. हे सांगायला मी दुकानात गेले, तर आता प्रत्येक पुडीवर तमिळमध्ये छापलं होतं: लोहाच्या गोळीनंतर दोन तास कॉफी पिऊ नये. आणि ही गर्दी! ही डॉक्टरांची कॉफी आहे, असा गावात बोलबाला झाला होता.

रांगेतल्या माझ्या पुढच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "वाचलं हो. मी गोळीच सोडली."

दुकानदारांनी कपाळाला हात लावला. मग पुडीबरोबर बाईंच्या हातात एक लिंबू ठेवलं. "उद्यापासून गोळी याच्या रसाबरोबर घ्या," ते म्हणाले, "नाहीतर पुडी परत द्या."

बाईंनी लिंबू परत दिलं.