दोन दिवसांचं पाणी

माझा मामा शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर होता. पाण्यात क्लोरीन किती सोडायचा, हे ठरवण्यात त्याची तीस वर्षं गेली. सगळं शहर त्याच्या हातचं पाणी प्यायचं आणि घरी तोच मामा त्या पाण्याला विष म्हणायचा. कारण मागच्या बागेतला ढब्बू.

ढब्बू म्हणजे गुरामी, उष्ण प्रदेशातला मासा. हातभर लांब, कपाळावर टेंगूळ, तोंड कायम रुसलेलं. माझ्या मामेबहिणीने नऊ वर्षांची असताना त्याला पिशवीतून आणलं, तेव्हा तो बोटाएवढा होता. पुढे हा केवढा होतो, ते दुकानदाराने बेट्याने सांगितलंच नाही. काचेची पेटी पुरेना, तेव्हा मामाने सुट्ट्या घेऊन बागेत तळं खणलं आणि थंडीसाठी त्यात हीटर बसवला. "मला आंघोळीला कोमट पाणी आणि माशाचे हे लाड!" मामी म्हणायची आणि स्वतःच ढब्बूसाठी काकडी चिरायला घ्यायची.

विसाव्या वर्षी बहीण गेली. साधा ताप म्हणता म्हणता चार दिवसांत. मागे ढब्बू राहिला. काठावर तीन टिचक्या मारल्या की तो वर यायचा आणि हातातली काकडी ओढून घ्यायचा. ही सवय तिने लावलेली. मामा रोज सकाळी तिथे बसायचा. कंटाळा येत नाही का, असं मी एकदा मूर्खासारखं विचारलं.

"तिच्या हातचं खाल्लेला तो एकटाच उरलाय," मामा म्हणाला.

तळ्याचा कायदा एकच होता. नळाचं पाणी पिंपात दोन दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून गेला की मगच तळ्यात ओतायचं. मामी पिंपावर खडूने तारीख लिहायची. यात कधी चूक झाली नाही.

मामा निवृत्त झाला आणि वर्षभरात शहरात काविळीची साथ आली. केंद्रावर सगळ्यांची तारांबळ उडाली, मामाला बोलावणं आलं. पाच दिवस तो तिथेच राहिला. क्लोरीन तिप्पट केला तो त्यानेच, स्वतःच्या हाताने. रोज संध्याकाळी घरी फोन करायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "ढब्बू जेवला का?" तेवढं तिप्पट क्लोरीनचं मात्र सांगायचं राहून गेलं.

उन्हाने तळ्याचं पाणी खाली गेलं होतं. मामीने चार पिंपं भरून ठेवली, दोन दिवस मोजले आणि ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मला फोन आला. मी पोचलो तेव्हा ढब्बू आडवा तरंगत होता.

दुपारी मामा आला. मामी त्याला दारातच म्हणाली, "अहो, मी दोन दिवस ठेवलं होतं हो. तारीख लिहिलीय, चला, बघा."

मामाने पिंपात डोकं घालून तळाशी उरलेल्या पाण्याचा वास घेतला. "तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "मीच वाढवला होता. आठवडाभर ठेवायला हवं होतं. मी सांगितलं नाही तुला."

साथ आटोक्यात आली. शेजारी आभार मानायला आले. एक जण म्हणाला, "मासाच तर होता, दुसरा आणा." त्याला हात धरून बाहेर काढावंसं वाटलं मला. मामाने त्याला चहा दिला.

सगळे गेल्यावर मामा काठावर जाऊन बसला. हातात काकडीची फोड होती, सवयीने घेतलेली.

"लोक म्हणतात, मी त्यांची पोरं वाचवली," तो म्हणाला. "माझ्या पोरीचं एवढंच राहिलं होतं रे."