कार्लकाकांची स्टेपनी

कार्लकाकांच्या बायकोचा, जोनचा फोन आला तेव्हा मी ओहायोतल्या डब्लिनमधल्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. "कार्ल गेला," ती म्हणाली. "सकाळी, चहा पिताना." मी इंजिन बंद केलं आणि... तशीच बसून राहिले. त्याला आता सहा आठवडे झाले. युरोपातला त्यांचा देश इतका चिमुकला, की नकाशावर त्याचं नाव शेजाऱ्याच्या हद्दीत छापावं लागतं. तिथल्या पेपरात दोन ओळी आल्या म्हणे, दिवंगत राजांचे धाकटे बंधू अमेरिकेत निवर्तले. इथे ओहायोत नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आम्हा बायकांना मात्र ते ठाऊक होते ते ड्रायव्हिंग शिकवणारे कार्लकाका म्हणून.

माझ्या नवऱ्याने, सुनीलने, दोन रविवार मला गाडी शिकवली आणि संसार टिकवायचा असेल तर दुसरा कुणीतरी शोधावा यावर आमचं एकमत झालं. म्हणून २००३च्या उन्हाळ्यात काका आले. साठीचे, ताठ, भर उन्हात टाय लावलेले. किल्ली हातात द्यायच्या आधी त्यांनी मला गाडीच्या मागे नेलं आणि स्पेअर टायर कुठे असतो ते विचारलं. मी म्हटलं, "डिकीत. स्टेपनी डिकीत असते." ही कोणती भाषा, असं त्यांनी अगदी आदबीने विचारलं. मी ठणकावून सांगितलं, "इंग्लिश." इंग्लंडात शिकलेला तो माणूस पोट धरून हसला. मग हवा मोजायची नळी काढून टायरला लावली, काटा साठवर आला, तेव्हा म्हणाले, "साठ. एक कमी नको. ज्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याचीच हवा जाते."

तो शब्द त्यांना फार आवडला. पुढे एकदा सिग्नलला थांबलो असताना आपणहून म्हणाले, "आमच्या घराण्यातली स्टेपनी म्हणजे मी." थोरला मुलगा गाडीला लागतो, धाकटा डिकीत राहतो. त्यालाही घोडेस्वारी, चार भाषा, सगळं शिकवतात, हवा पूर्ण भरतात, आणि याची वेळ न येवो म्हणून प्रार्थना करतात. मी घरी येऊन सुनीलला सांगितलं. त्याने रात्रीचं जेवण टाकून कॉम्प्युटर उघडला. "अगं, खरंच प्रिन्स आहे यार तो. आणि तू त्यांच्यावर ओरडतेस?" ओरडत होते खरी. पण काकांना त्याचं काही नव्हतं. लहानपणापासून भावाच्या दोन पावलं मागे चालायची इतकी सवय, की मॉलमध्येही ते जोनच्या मागेच चालायचे. जोन साधी नर्स, त्यात घटस्फोटित. तिच्याशी लग्न केलं तेव्हा राजा झालेल्या भावाने दार लावून घेतलं ते अकरा वर्षं उघडलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत ते उघडलं. भावाने स्वतः फोन केला. आजार शेवटाला आला होता. "मला एकदा भेटून जा," एवढंच तो म्हणाला. जोन ड्यूटीवर होती आणि काकांना लेसन कॅन्सल करणं ठाऊक नव्हतं. म्हणाले, "आजचा लेसन एअरपोर्टपर्यंत." मी फ्रीवेवर तोवर एकदाच गेले होते. बर्फ भुरभुरत होता. नेहमी सगळं सामान डिकीत ठेवणाऱ्या काकांनी बॅग मागच्या सीटवर टाकली, बसले आणि विचारलं, "स्टेपनी बघितलीस?"

मी "हो" म्हटलं. बघितली नव्हती. बोटं गारठली होती आणि घाई त्यांचीच होती, अशी मी माझी समजूत घातली.

निम्म्या वाटेत गाडी उजवीकडे ओढायला लागली. स्टिअरिंग हातात थरथरत होतं, बाजूने ट्रक चिखल उडवत जात होते, आणि काका शांतपणे म्हणत होते, "ब्रेक नको... हळूहळू बाजूला घे." त्यांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता, पण त्यांनी तो दाबला नाही. कडेला उतरून आम्ही डिकी उघडली. स्टेपनीवर अंगठा टेकवला तर तो आत गेला. मदतीची गाडी यायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. फक्त सारखं घड्याळ बघत होते. विमान गेलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने ते पोचले तेव्हा भाऊ गेलेला होता.

राज्य पुतणीकडे गेलं. काका तीन आठवड्यांनी परत आले आणि लेसन पुढे सुरू झाले. मी लायसन्स मिळवलं, मला मुलगी झाली, आणि प्रत्येक दिवाळीला त्यांना चकल्या नेऊन देताना आज सांगायचंच असं ठरवून मी न सांगता परत येत राहिले. मला लाज वाटायची. अजून वाटते.

या सप्टेंबरमध्ये शेवटची भेट झाली. ते व्हरांड्यात शाल घेऊन बसले होते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी स्टेपनी बघितली नव्हती." त्यांनी शाल सावरली. मग म्हणाले, "माहीत आहे मला. डिकीवरचा बर्फ तसाच होता."

"मग तुम्ही का नाही...?"

"म्हणून तर बॅग मागे ठेवली. डिकी उघडली असती, तर हवा भरावी लागली असती, आणि मग वाटेत अडकायची शक्यताच उरली नसती." पुढे म्हणाले, "अकरा वर्षं मी त्याच्या फोनची वाट बघितली, आणि आल्यावर मला जायची भीती वाटली. तू खोटं बोललीस, ते मी चालू दिलं. इतकी वर्षं तुला हे सांगायला हवं होतं."

आम्ही दोघंही रडलो. जोन चहा घेऊन आली आणि काही न विचारता कप ठेवून गेली.

हवा मोजायची ती नळी जोनने मला दिली. परवा पहिला बर्फ पडला. मी हातानेच डिकी पुसत होते तेव्हा लेकीने खिडकीतून विचारलं, "आई, व्हाय? वी नेव्हर यूज इट." मी तिला खाली बोलावलं, नळी तिच्या हातात दिली आणि वाचायला सांगितलं. काटा बावन्नवर होता. आम्ही दोघी पंप आणायला गेलो.