चौदा नंबरचा शिक्का

माझ्या नणंदेला कारखान्यात सगळ्या 'ट्यूबलाईट' म्हणत. जेवणाच्या सुट्टीत कुणी विनोद केला की बाकीच्या हसून मोकळ्या व्हायच्या, डबे बंद करायला लागायच्या, आणि मग ही हसायची. त्या काळच्या ट्यूबही तशाच होत्या. बटण दाबलं की दोन-चारदा डोळे मिचकावणार, मग पेटणार. तिला त्या नावाचा राग नव्हता. "उशिरा का होईना, पेटते ना?" एवढंच म्हणायची.

'तिला' म्हटलं खरं, पण मी त्यांना ताई म्हणायचे. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा बाहेरची खोली त्यांची होती आणि आमच्यात एकच सामाईक गोष्ट होती, ती म्हणजे स्वयंपाकघर. पहिले सहा महिने आम्ही दोघी एकमेकींशी अगदी जपून बोलायचो.

त्यांच्या कारखान्यात चोक बनत. चोक म्हणजे ट्यूबला मिळणारी वीज आवरून धरणारी लोखंडी पेटी, विटेसारखी जड, आणि चालू असली की सारखी घूं घूं करणारी. ताई एकोणिसाव्या वर्षी तिथे तांब्याची तार गुंडाळायला लागल्या आणि वीस वर्षं तेच करत राहिल्या. मग नवा चोक आला. तळहाताएवढा बोर्ड, त्यावर बारीक बारीक सुटे भाग. ट्यूब झटक्यात लागायची आणि आवाज नाही. त्याच सुमारास मालकांनी घरगुती ओव्हनचे बोर्डही करायला घेतले. ओव्हनची आच राखायची आणि वेळ संपली की तो बंद करायचा, हे त्या बोर्डाचं काम. तार गुंडाळणाऱ्या निम्म्या बायकांनी "हे आपल्याच्याने व्हायचं नाही" म्हणत काम सोडलं.

ताईंनी सोडलं नाही. त्या बारक्या भागांवर रंगांचे पट्टे असतात आणि पट्ट्यांवरून त्यांचं माप वाचायचं असतं. त्यांनी ते मला समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, "माझी परीक्षा घेत जा." मी चमच्याच्या दांड्याला लोकरीचे तुकडे बांधायचे आणि पोळ्या लाटता लाटता चमचा वर धरायचे.

"तपकिरी, काळा, नारिंगी?"

"दहा हजार."

"लाल, लाल, लाल?"

"दोन हजार दोनशे. सोपं विचारतेस तू."

नवरा दारात उभा राहून म्हणायचा, "तुमचं विणकाम चाललंय की वीजकाम?" आमचं जपून बोलणं त्या लोकरीतच कुठेतरी संपलं.

बोर्डाला भाग डाखून बसवायच्या, म्हणजे सोल्डरच्या, रांगेत दोन वर्षं काढून ताई तपासणीच्या टेबलावर गेल्या. त्यांना जांभळ्या शाईचा गोल शिक्का मिळाला, नंबर चौदा. ओव्हनचा बोर्ड त्यांच्या हातून पास झाला की मागच्या बाजूला चौदाचा शिक्का बसायचा. घरी आल्यावर बोटांना लागलेली शाई त्या घाईने धूत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मग बोर्ड परत यायला लागले. तक्रार एकच, ओव्हन मध्येच बंद पडतो. कारखान्यात टेबलावर लावले की सगळे व्यवस्थित चालायचे. तिथले साहेब, जाड चष्म्याचे, हुशार पण जरा फटकळ, कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहायचे आणि बोर्ड परत धाडायचे. एक बोर्ड तिसऱ्यांदा आला, त्यासोबत चिठ्ठी होती. ताईंनी ती घरी आणून मला वाचून दाखवली. 'मी वेडी नाही. ओव्हन चाळीस मिनिटांनी बंद पडतो. थंड झाला की पुन्हा चालतो. तुमच्यापैकी कुणी कधी केक केला आहे का?'

"खरंच की," ताई म्हणाल्या. "आमच्यात कुणाकडेच ओव्हन नाही."

आमच्याकडेही नव्हता. वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या, त्यांच्याकडे होता आणि त्यात हाच बोर्ड बसायचा. साहेबांना विचारून ताई तो बोर्ड घेऊन आल्या. "केक मला मिळणार असेल तर खुशाल करा," शिवणबाई म्हणाल्या. रविवारी दुपारी ताईंनी त्यांच्या ओव्हनमध्ये परत आलेला बोर्ड बसवला आणि आम्ही तिघी घड्याळ समोर ठेवून बसलो. पस्तीस मिनिटं काही झालं नाही. खोलीभर केकचा वास सुटला. अडतिसाव्या मिनिटाला आतून 'टक' असा आवाज आला आणि ओव्हनचा लाल दिवा गेला. केक मधोमध खचला.

ताईंनी प्लग काढला, मागचं झाकण उघडलं आणि शिवणबाईंचं सुईत दोरा ओवायचं भिंग मागून घेतलं. बराच वेळ त्या बोर्डावर वाकून होत्या. मग मला म्हणाल्या, "हे बघ." वीज चालू-बंद करणारा जो मोठा भाग होता, त्याच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसासारखी बारीक गोल चीर होती. "ड्राय सोल्डर आहे, डाख कच्चा बसलाय. तापलं की पाय सुटतो, गार झालं की परत टेकतो. आम्ही तपासतो गार असताना. मग दिसणार कसं?"

त्यांनी बोर्ड उलटा केला. मागे चौदाचा शिक्का होता.

खचलेला केक शिवणबाईंनी आवडीने खाल्ला. ताईंनी तोंडही लावलं नाही.

सोमवारी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. काय झालं ते त्यांनीच मला संध्याकाळी सांगितलं. साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "शिक्का कुणाचा?"

"माझा."

"मग जरा विचार करून बोला, बाई."

"रविवारभर तोच केला, साहेब. गोदामातले सगळे बोर्ड तापवून बघावे लागतील."

साहेब चिडले, पण माणूस खोटा नव्हता. त्यांनी गोदाम उघडलं. दोनशे बोर्ड तापवून पाहिले, त्यातल्या एकसष्ट बोर्डांना चीर निघाली. बाहेर गेलेला माल परत मागवावा लागला. कुणाला तरी जबाबदार धरायलाच हवं होतं. ताईंचा शिक्का काढून घेतला आणि त्यांना पुन्हा सोल्डरच्या रांगेत बसवलं.

त्या संध्याकाळी त्या भाजी निवडत बसल्या होत्या. निवडून झालेलीच पुन्हा निवडत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं."

"शिक्क्याचं वाईट वाटतंय, नाही कसं म्हणू," त्या म्हणाल्या. "पण ती बाई तीनदा खरं सांगत होती आणि आपण तिला दोनदा खोटं पाडलं. ते जास्त लागलं."

त्यांनी त्या बाईला पत्र लिहिलं. शुद्धलेखन मी तपासलं. महिन्याभराने उत्तरादाखल बिस्किटांचा डबा आला. बिस्किटं कडेला जरा करपलेली होती, पण आम्ही पुरवून पुरवून खाल्ली.

शिक्का त्यांना परत मिळाला नाही. तो एका नव्या मुलीकडे गेला. पण तेव्हापासून प्रत्येक बोर्ड तासभर तापवूनच तपासायचा, असा नियम झाला, आणि नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईला साहेब पहिला महिना ताईंच्या शेजारी बसवू लागले. तसं का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ताईंनीही विचारलं नाही.

पुढे एलईडी दिवे आले, ट्यूब मागे पडल्या आणि चोकचा विभाग बंद व्हायचं ठरलं. ताईंच्या निवृत्तीलाही तेव्हा दोनच महिने राहिले होते. विभागाच्या शेवटच्या दिवशी घरच्यांना आत यायची परवानगी होती. इतकी वर्षं ऐकलेली ती जागा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. भिंतभर लोखंडी चौकटीत तपासणीच्या चाळीस ट्यूब जळत होत्या आणि त्या उजेडात सगळ्या बायका एकाच वयाच्या दिसत होत्या. साहेबांचे केस पार पिकले होते. त्यांनी ताईंना खुणेने बोलावलं आणि म्हणाले, "तुम्हीच बंद करा."

ताईंनी एकेक रांग बंद केली. मग खिडक्या उघडल्या, बाहेरचं ऊन आत आलं, आणि कुणीतरी चहा सांगितला.

आम्ही दोघी चालत घरी आलो. वाटेत ताई एकेका टेबलावर कोण बसायची, कोण काम करता करता गुणगुणायची, कुणाचं लोणचं सगळ्यात आधी संपायचं, ते सांगत राहिल्या. आमचं दार आलं तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं, म्हणून आम्ही गल्लीला आणखी एक फेरी मारली.