दोन्ही बाह्या डाव्या

“एवढ्याशा प्रार्थनेनं काय होणार आहे, ताई? ‘प्रभू, हात धर’ म्हणे. त्याला दुसरी कामं नाहीत?” आई मावशीला म्हणाली.

“मग तू मोठी म्हण. कोणी अडवलंय?”

“मला ह्यात ओढू नकोस.”

आई आणि मावशी आमच्या शिलाईच्या दुकानात टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. मध्ये नवरीचा कच्चा टाचलेला सॅटिनचा गाउन, आणि आईने कापलेल्या दोन बाह्या. दोन्ही डाव्या. कापड दुहेरी घडी करून कापलं की डावी-उजवी जोडी आपसूक निघते. आईने घाईत ते एकेरी पसरलं आणि नमुन्याचा कागद न उलटवता दोनदा कात्री चालवली. कापड संपलेलं. नवरी चार वाजता गाउन घालून बघायला येणार.

मावशी तीस वर्षं कात्री उचलण्याआधी ‘प्रभू, हात धर’ एवढंच म्हणत आलीय. पाळकांची प्रार्थना लांबली की तिला डुलकी लागते, हेही खरं. आई मात्र बाबा गेल्यापासून चर्चमध्ये नुसती बसायची. ओठ हलायचे नाहीत.

“मी त्याला नको नको ते बोललेय,” आई म्हणाली. “हे गेले तेव्हा. निर्दय म्हटलं, बहिरा म्हटलं. आता बाह्या चुकल्या म्हणून कोणत्या तोंडानं जाऊ?”

“ह्याच. दुसरं आहे कुठे तुझ्याकडे?”

“थट्टा सुचतेय तुला.”

“अगं, लहानपणी तू मला कडकडून चावायचीस. म्हणून मी तुला जेवायला वाढायचं थांबवलं? मग त्याला माझ्याएवढीही माया नसेल?”

मावशीने गाउनचा घेर उलटून पाहिला. “घेरातली एक कळी, हा एक उभा तुकडा, काढू. घेर थोडा कमी होईल, पण बाही निघेल. नवरीला आधी विचारायला हवं. मी फोन करते.”

“चूक माझी आहे.”

“म्हणून तर मी करते म्हणतेय.”

आईने नकारार्थी मान हलवली. दोन्ही हात टेबलावर टेकून ती क्षणभर उभी राहिली आणि इतकं हळू पुटपुटली, की ऐकायला मला मशीन थांबवावं लागलं.

“मी आहे रे. खूप दिवसांनी. सोबत चल जरा.”

“काय म्हणालीस गं?” मावशीने विचारलं.

आईने एक बाही पिशवीत घातली, चपला पायात सरकवल्या आणि नवरीच्या घराच्या दिशेने निघून गेली.