सुकेळ्यांचं संध्याकाळचं काम

मस्कतला उतरलो तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की एवढं ऊन नुसतं वाया चाललंय. दुसऱ्या कुणाला आधी डोंगर दिसले असते, समुद्र दिसला असता, पांढरी घरं दिसली असती. मला ऊन दिसलं, कारण मी बोळिंजच्या वाडीतला, सुकेळी करणाऱ्या बापाचा मुलगा. पिकलेली राजेळी केळी सोलायची, बांबूच्या माचावर आठवडाभर उन्हात वाळवायची आणि मधासारखी झाली की केळीच्याच सुक्या पानात बांधायची, हा आमच्या घरचा उद्योग. पाऊस संपला की बाबा रोज सकाळी माचापाशी उभे राहून आभाळाकडे बघायचे आणि एखादा ढग दिसला तरी घरात सगळ्यांवर खेकसायचे. इथे वर्षभर ढग नाही, आणि त्या उन्हाचा कुणाला काही उपयोगही नाही.

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटचं. आमच्याकडच्या पोरांना तेव्हा नुकताच आखाताचा रस्ता सापडला होता. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचं काम मिळालं. व्हिसाचा कागद हातात आला तो घेऊन मी धावत वाडीत गेलो. बाबा केळी सोलत बसले होते. त्यांनी कागदाकडे बघितलं, हात पुसले नाहीत, कागद घेतला नाही.

"जा," म्हणाले. "पन मंग ह्या घरात पाव्हना म्हनून ये."

त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. निघायच्या दिवशी बहिणीने ओवाळलं, शेजारपाजारचे टांग्यापर्यंत आले, आणि बाबा बावखलापाशी, वाडीतल्या तळ्यापाशी, केळींना पाणी लावत होते. त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती, हे मला ठाऊक होतं. मीही त्यांचाच मुलगा, तेवढाच हेकट. हाक मारली नाही. टांगा विरार स्टेशनाच्या रस्त्याला लागेपर्यंत मागे वळूनही पाहिलं नाही, आणि मग गाडीत बसल्यावर मात्र जीवदानीच्या डोंगराचा ठिपका होईपर्यंत पाहत राहिलो.

मस्कतजवळ मत्रहला कंपनीने खोली दिली होती, एका म्हाताऱ्या ओमानी माणसाच्या घराच्या वरच्या मजल्यावर. डोंगर अगदी मागच्या भिंतीला टेकलेला. डोंगर म्हणजे काय, तर भाजलेल्या विटांचा ढीग. गवताची एक काडी नाही. ऑफिसला जाताना एक चढ, येताना दुसरा चढ, मधे बाजार, खाली बोटी. पहिल्या महिन्यात माझ्या पोटऱ्या इतक्या दुखल्या की वाटलं, सपाट वाळूत वाढलेल्या माणसाने हा उद्योग करूच नये. हळूहळू पायांना सवय झाली. बाकी कशाची झाली नाही.

सगळ्यात जास्त घोळ वाराचा. तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आम्हा ख्रिस्ती माणसांची रविवारची प्रार्थना, मिस्सा, तीही शुक्रवारी. मी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचो, शेजारी केरळची, गोव्याची माणसं असायची, सगळं रीतसर व्हायचं, पण मनाला ते रविवार म्हणून पटायचं नाही. आणि खरा रविवार उजाडला की मी ड्रॉइंग बोर्डापुढे बसून सांडपाण्याचे पाइप आखत असायचो. साडेआठ वाजले की वाटायचं, आता आमच्या देवळातून माणसं बाहेर पडली असतील, बायका आवारात लुगडी सावरत गप्पा मारत असतील, बाबा कुणाशीही न बोलता सरळ वाडीकडे निघाले असतील. मग माझी रेघ हमखास वाकडी जायची.

बहिणीची पत्रं यायची. प्रत्येक पत्रात "बाबा बरे आहेत" एवढं एक वाक्य. मी प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायचो, "बाबांना विचार, माझ्यावरचा राग गेला का?" त्याचं उत्तर ती कधीच द्यायची नाही. ती बिचारी तरी काय लिहिणार! असं दीड वर्ष गेलं. मला तिथे कसलाच त्रास नव्हता, हे सांगायला हवं. जेवण होतं, पगार वेळेवर होता, साहेब सज्जन होता. पण मला एकटं वाटायचं. संध्याकाळी खोलीत आलं की कुणाशी बोलायचंच नसायचं, आणि ज्याच्याशी बोलायचं होतं तो बोलत नव्हता.

घरमालक तेवढा अधूनमधून बोलायचा. तरुणपणी तो गलबतावर खजूर घेऊन मुंबईला जायचा, त्यामुळे त्याला मोडकं हिंदुस्तानी येत होतं. मला तो "बंबईवाला" म्हणायचा. मी म्हणायचो, मुंबईचा नाही, वसईकडचा. तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंबईवाला. त्याच्या घरच्या बायका गच्चीवर लिंबं वाळत घालायच्या, काळीठिक्कर होईपर्यंत. ती लिंबं बघूनच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

फेब्रुवारीत बाजारात केरळवाल्याच्या दुकानात केळ्यांचा घड टांगलेला दिसला. लांब, कंगोऱ्यांचा, अगदी राजेळीच्या तोंडवळ्याचा. माझे पाय तिथेच थांबले. अख्खा घड खांद्यावर मारला आणि दोन चढ चढून घरी आणला. खोलीत पोत्यात गुंडाळून पिकवला. शुक्रवारी मिस्सा आटोपून आलो, केळी सोलली, एका जुन्या दाराच्या जाळीवर ओळीने मांडली, वर मलमल टाकली आणि गच्चीवर ठेवली. हे मला डोळे मिटून येत होतं. लहानपणी रोज सकाळी शाळेआधी माचावर केळी मांडायचं काम माझंच होतं. एकाला एक चिकटू द्यायचं नाही, टोकं एका दिशेला, वाकडं असेल त्याची पाठ वर. बाबा मागे उभे राहून बघायचे. चुकलं तर टपली, बरोबर असलं तर काहीच नाही. त्या "काहीच नाही"साठी मी जीव तोडून मांडायचो.

आमच्या घरात सुकेळ्यांचा एक कडक नियम होता. आख्खी, साजरी सुकेळी बाजारात जायची, नाहीतर पाहुण्यांच्या बशीत. घरच्यांनी खायची ती तुटलेली, दबलेली. भूक कितीही लागो, आख्ख्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेलो तेव्हाच मी पहिल्यांदा आख्खं सुकेळ खाल्लं. तेव्हा किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं! आता गच्चीवर ती पंचवीस-तीस केळी बघून मी ठरवलं, यातली आख्खी बाबांना पाठवायची. सुट्टीवर जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती. बघू मग बोलतात की नाही.

संध्याकाळ झाली. आमच्याकडे संध्याकाळी केळी आत घेतात. ती दव पडतं म्हणून आणि कोल्हे येतात म्हणून, अशी माझी ठाम समजूत. मत्रहच्या गच्चीवर दव नव्हतं, डोंगरावरून कोरडा ठाक वारा येत होता, आणि कोल्हा कुठून येणार? म्हटलं, राहू देत तिथेच. आठवड्याचं काम तीन दिवसांत होईल. मी मनातल्या मनात खूशही झालो, की बाबांना जमलं नाही ते मला जमणार.

तीन दिवसांनी जाळी खाली आणली. रंग फिका, पिवळट. मधाचा एक थेंब सुटलेला नाही. एक उचलून चावलं तर दाढेतून कळ गेली. नुसतं लाकूड. घरमालक तिथेच उभा होता. त्याने एक सुकेळ घेतलं, कठड्यावर ठकठक वाजवलं आणि गंभीरपणे विचारलं, "बंबईवाला, ये दरवाजे का खूंटी है?"

मी हसायला गेलो आणि मला रडूच आलं. मी पुरा सव्वीस वर्षांचा घोडा, पण म्हाताऱ्यासमोर ढसाढसा रडलो. त्याला बहुतेक वाटलं, केळ्यांसाठी रडतोय. तो माझ्या शेजारी बसला. रडं ओसरल्यावर म्हणाला, "तेरे बाप को पूछ. वो जानता होगा." जगातली सगळ्यात सोपी गोष्ट सांगितल्यासारखं तो म्हणाला. आणि मला जाणवलं, की दीड वर्षात मी बाबांविषयी बहिणीला विचारलं, पण बाबांना काहीच विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा बाबांच्या नावाने पत्र टाकलं. त्यात राग नाही, क्षमा नाही, आठवण नाही. केळी कुठली, किती पिकवली, कशी मांडली, किती दिवस ठेवली, दव नि कोल्हा नाही म्हणून रात्रीही वरच कशी राहू दिली, हे सगळं लिहिलं. गच्चीची आणि जाळीची लहानशी आकृतीही काढली, धंद्याची सवय. शेवटी एक ओळ, "माझं कुठे चुकलं?" पत्र पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं की टाकायला नको होतं. गेली दीड वर्षं निदान आशा तरी होती. आता उत्तर आलं नाही, तर मग नाहीच.

महिना गेला. टपाल कंपनीच्या पेटीवर यायचं, शिपाई दुपारी वाटायचा. बहिणीचं एक पत्र आलं, त्यात या गोष्टीचा उल्लेखच नाही. मी शिपायाकडे बघायचं सोडून दिलं. मग एका दुपारी बोर्डावर निळं पाकीट पडलं. वरची अक्षरं बहिणीची नव्हती. मोठाली, एकमेकांपासून दूर दूर उभी, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची. बाबांनी मला आयुष्यात लिहिलेलं ते एकमेव पत्र. ते माझ्यापाशी अजून आहे.

त्यात "चिरंजीव" नव्हतं की आशीर्वाद नव्हता. सुरुवातच अशी होती, "रातची उगडी ठेवलीस म्हनून लाकूड जाली." मग पुढे सगळी कृती. ऊन केळं फक्त वाळवतं. संध्याकाळी उन्हाची ऊब अंगात असतानाच ती उचलायची, सुक्या पानांत दाबून गुंडाळायची, टोपलीत भरून वर पोतं टाकायचं. रात्रभर ती आतल्या आत घामेजतात, तेव्हा मध सुटतो. सकाळी परत ऊन, संध्याकाळी परत झाकण. दव नि कोल्हे हे कुणी सांगितलं तुला? त्यांचा काही संबंध नाही. मांडणी बरोबर केलीस, चित्रात बघितली. आणि सगळ्यात खाली, शाई बदलून, बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलेलं, "सांजचं काम तुला येत न्हाय ती तुजी चूक न्हाय. सांजचा मीच तुला पुस्तकापुडं बसवायचो."

खरंच होतं. तिन्हीसांजेला पोराने वाडीत पाऊल टाकायचं नाही, दिवा लावून पुस्तक धरायचं, हा बाबांचाच हट्ट. त्या पुस्तकांतूनच मी नकाशांपर्यंत गेलो आणि नकाशांतून मत्रहपर्यंत. बाबांनी तेवढ्या एका ओळीत माझ्या जाण्याचा दोष स्वतःकडे घेतला होता. मला बरं वाटायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं. ते दीड वर्ष मी तिथे एकटा होतो, तसे तेही वाडीत संध्याकाळी एकटेच टोपली भरत होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुट्टी मिळायला पुढचा डिसेंबर उजाडला. सांताक्रूझला उतरून विरारला आलो, टांगा केला. बोळिंजच्या वळणावर टांगा थांबला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाबा माचापाशी पाट मांडून बसले होते. फार वाकले होते. त्यांनी मान वर केली, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि परत खाली घातली. मी बॅग खाली ठेवून तसाच उभा. नवा शर्ट, मनगटावर नवं घड्याळ, अंगाला अत्तर. मला स्वतःलाच मी पाहुणा दिसत होतो.

बहीण घरातून धावत आली. "दादा, तू तिथं का उभा? बस ना," म्हणाली आणि आत जाऊन बशी घेऊन आली. बशीत चार सुकेळी, आख्खी, साजरी, पानातून नुकती सोडलेली. तिने बशी पुढे केली. मी जाताना बाबा जे बोलले होते, तेच आता माझ्यापुढे बशीत घालून आलं होतं. मला हात पुढे करवेना.

बाबांनी वर न बघता हात लांब केला आणि बशी बाजूला सारली.

"साजरी पाव्हन्यांना," ते म्हणाले. "ह्याला तुटकं दे. न् पानं आन हिकडं, ऊन चाललं."

मी घड्याळ काढून खिशात टाकलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि त्यांच्या शेजारी बसलो.