मेहुण्यांचा लाल थर

ज्याला जमिनीवर नुसतं उभं राहणं जन्मात जमलं नाही, असा माझ्या माहितीतला एकमेव माणूस म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, आमचे दादा. कर्जतला शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले. भूगोलाला मात्र त्यांनी अजून रजा दिलेली नाही. कुठेही गेले की आधी पायाखाली बघतात आणि मग यजमानांकडे. माझ्या पुतणीसाठी संगमनेरला स्थळ पाहायला गेलो होतो. मुलाचा पगार किती, घर स्वतःचं का, शेतीला पाणी किती, हे सगळं विचारायचं मी पाठ करून गेलो होतो. आमचे दादा स्वयंपाकघराच्या दारात पाट्याशेजारी उकिडवे बसले आणि मुलाच्या आईला म्हणाले, "ताई, तुम्ही रोजची चटणी लाव्हारसावर वाटता, ठाऊक आहे ना?" त्या बाईंनी घाबरून पाटा पदरानं पुसला. लग्न जमलं, पण कुठलंही कार्य निघालं की व्याही मला बाजूला घेऊन विचारतात, "ते ज्वालामुखीवाले येणार आहेत का?"

कर्जतच्या बाहेर आमची थोडी शेती आहे आणि शेतात विहीर. मी नगरला राहतो, त्यामुळे विहिरीचं पाणी माझं आणि विहिरीची भिंत दादांची, अशी आपोआप वाटणी झाली होती. वर मुरूम, खाली काळा पाषाण, मग हातभर जाडीचा विटेसारखा लाल पट्टा आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. आसपासच्या शाळांतली मुलं दादा इथे आणायचे, कठड्याबाहेर उभी करायचे आणि म्हणायचे, "विचारा." मुलांचे प्रश्न ठरलेले. आपल्या जिल्ह्यात ज्वालामुखीचा डोंगर कुठे आहे? "डोंगर नव्हताच. जमिनीला भेगा पडल्या, त्यातून रस आला आणि तव्यावर धिरड्याचं पीठ पसरतं तसा पसरला. एकावर एक धिरडी. आपण वरच्या धिरड्यावर उभे आहोत." पाणी ओतून लाव्हारस विझतो का? "तो पेटलेला नसतो बाळा, वितळलेला दगड असतो. पाण्यानं वरून थिजतो, आत धुमसत राहतो." परत फुटेल का? "इथे नाही. निवांत अभ्यास कर." त्यात पडलं तर माणूस बुडतो का, हा प्रश्न प्रत्येक वर्गातला एक तरी मुलगा विचारायचाच. दादा गंभीरपणे सांगायचे, "लाव्हारस आपल्यापेक्षा जड, म्हणून माणूस बुडत नाही, वरच राहतो. पण त्याचा त्याला काही उपयोग नाही."

शेवटी लाल पट्ट्याकडे बोट जायचं. एक थर पसरल्यावर पुढचा यायला इतका काळ गेला, की मधल्या वेळात दगडाची माती झाली आणि वरून आलेल्या रसानं ती भाजून निघाली. काळा दगड कुठेही दिसतो, दादा म्हणायचे, पण मधला वेळ दिसायला अशी विहीर लागते. मी एकदा विचारलं, हे सगळं किती वर्षांपूर्वीचं? "सुमारे साडेसहा कोटी." सुमारे म्हणजे? "काही लाख इकडे, काही लाख तिकडे." विजेच्या बिलातल्या वरच्या पैशांसाठी मी कचेरीत जाऊन आलेला माणूस. हे लाख मी अजून पचवू शकलेलो नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या लाल पट्ट्याचा एक ढलपा सुटला आणि मोटरीच्या पाइपावर पडला. विहिरीची कामं करणारा मिस्त्री बोलावला. तो वाकून म्हणाला, "काळ्याला काय होत न्हाई. ह्यो लाल थर लई कच्चा हाय. वरपासून रिंग टाका." म्हणजे सिमेंटचं गोल अस्तर. मी खर्चाचा अंदाज काढला, दुरुस्तीशी ताडून पाहिला आणि होकार दिला. दादा पांढरे पडले. "जावईबापू, तुम्ही माझा फळा पुसताय."

"फळा ढासळतोय, दादा."

"जाळी मारू. जाळीतून दिसतं."

"जाळीनं दगूड थांबल, गुरुजी," मिस्त्री म्हणाला, "माती कशी थांबायची? आन् तुमची जाळी बी तिच्यासंगट जायची."

दादांनी मिस्त्रीला दुपारभर पटवलं, मला संध्याकाळभर आणि बहिणीला फोनवर जेवणवेळेपर्यंत. आम्ही काम पुढे ढकललं. पुढच्या रविवारी मुलींचा एक वर्ग आला. मी तिथेच होतो. प्रश्न रंगात आले होते आणि कठड्याला टेकलेल्या मुली लाल पट्टा बघायला वाकल्या होत्या. तेवढ्यात खालून दाणकन आवाज आला, पाणी उसळलं आणि कठड्याच्या जोत्याला केसाएवढी चीर गेली. मुलींना मौज वाटली. एकीनं विचारलं, "सर, आत्ता पडलं ते केव्हाचं होतं?"

  दादांनी मुलींना हाताला धरधरून लांब लिंबाखाली नेलं, मोजून घेतलं, पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाले, "मिस्त्रीला उद्याच बोलवा."

रिंग झाली. मिस्त्रीनं सांगितलं होतं की सिमेंटला सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. ते काम दादांनी कुणाला दिलं नाही. मी गेलो तेव्हा ते नळी धरून उभे होते आणि त्या करड्या गोल भिंतीवर हळूहळू पाणी सोडत होते. मी मला जे येतं तेच विचारलं, आकडा.

"किती वर्षं टिकेल हो हे, दादा?"

"नीट भिजवलं तर तीस-चाळीस."

"आणि मग?"

"मग तडकेल. लाल दिसेल. कुणीतरी पोर वाकून विचारेल, हे काय आहे."

कुणाला विचारेल, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचं वय मला माहीत होतं आणि बेरीज करायला मला कागद लागत नाही. मी त्यांच्या हातातली नळी घेतली आणि राहिलेली बाजू भिजवली.